माझ्या वाट्याला मीच

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा प्रभूमध्ये सलाम. इकडे गुडघे सोडून सगळं बरं आहे, आणि जन्मभर दवाखान्यात लोकांची दुखणी ऐकलेल्या बाईपुढे मी काय गुडघे उगाळत बसू. तुमची तब्येत कशी आहे? आणि हो, उत्तरात ‘ठीक आहे’ असं लिहू नका. त्या दोन शब्दांनी मला या आठवड्यात फार छळलं आहे. कसं ते सांगते. पत्र लांबेल, चहा घेऊनच बसा.

मागच्या रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी उपदेश केला की देवाने कोणालाही नुसतं जागा अडवायला जन्माला घातलेलं नाही. साध्यात साध्या जगण्यालाही हेतू असतो, आणि तो सापडत नसेल तर दुसऱ्याला धीर द्यायला लागा, वाटेत सापडेल. (मी शेवटच्या बाकावर बसून हॉस्पिटलच्या चादरींचा विचार करत होते. त्या फाटतात, मी शिवते, त्या पुन्हा फाटतात. यात हेतू शोधायचा तर आधी जरा जाड कापड मागवायला हवं.) पण हे पाळकसाहेब तरुण आहेत, नुसतं बोलून थांबत नाहीत. आमच्या मंडळीत वर्षातून एकदा चिठ्ठ्या टाकतात, तुम्हाला ठाऊक आहे. ज्याच्या वाट्याला जो येईल त्याने त्याच्यासाठी आठवडाभर गुपचूप प्रार्थना करायची, त्याला कळू न देता धीर द्यायचा, आणि पुढच्या रविवारी उलगडा. गेल्या खेपेला कोणाचं अक्षर कोणाला लागलं नाही आणि निम्म्या मंडळीने घंटा वाजवणाऱ्यासाठीच प्रार्थना केली. (तो आहे तसाच आहे.) म्हणून यंदा चिठ्ठीऐवजी प्रत्येकाने रोजच्या वापरातली एक वस्तू दानाच्या मखमली पिशवीत टाकायची आणि मग न बघता एकेक उचलायची. वस्तू कोणाची ते हळूच शोधून काढायचं.

पिशवी फिरली. दंतवैद्यांनी आत काय टाकलं ते विचारू नका. मी माझं अंगुस्तान टाकलं, ती शिवताना बोटात घालायची लोखंडी टोपी. मग पिशवी पुन्हा पुढच्या बाकापासून निघाली आणि माझ्यापर्यंत आली तेव्हा तळाशी एकच वस्तू उरली होती. हात घातला तर गार, गोल, टोचणी खाल्लेलं. माझंच अंगुस्तान. आता शहाण्या बाईने उठून सांगितलं असतं की अहो, माझ्या वाट्याला मीच आले. पण पाळकसाहेब म्हणून चुकले होते की हाती येईल ते देवाच्या हातून आलं समजा, अदलाबदल नाही. शिवाय तोवर पेटीवाल्या बाईंनी शेवटच्या गीताचे सूर धरले होते, आणि त्यांचे सूर एकदा सुटले की आगीचा बंबही थांबतो. मी अंगुस्तान पदराआड घातलं आणि घरी आले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, तुम्हाला ती कदाचित माहीत असेल. तुमचे भाऊ हॉस्पिटलात होते तेव्हा मी देवाकडे स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली होती. मिळाली नाही. तेव्हापासून मी पाळकसाहेबांच्या घशासाठी मागते, वॉर्डातल्या पोरांसाठी मागते, पण स्वतःसाठी तोंड उघडलं नाही. भांडण नाही हो, अबोला. आणि आता हुकूम काय, तर वाट्याच्या माणसासाठी रविवारपर्यंत एक तरी नेमकी गोष्ट मागायचीच. नुसतं ‘आशीर्वाद दे’ चालणार नाही. (हे मला पटलं. गिऱ्हाईक दुकानात येऊन ‘काहीतरी शिवा’ म्हणालं तर आम्ही काय शिवायचं?)

सोमवारी मी आरशासमोर उभी राहून, वाट्याच्या बाईला काय कमी आहे ते विचारलं. म्हणाली, ठीक आहे. पुन्हा विचारलं. ठीक आहे. वन्सं, फोनवर तुम्ही माझ्यावर का खेकसता ते त्या दिवशी मला कळलं. मंगळवारी गुपचूप धीर म्हणून कामावर निघताना माझ्याच उंबऱ्यावर फुलं ठेवली. संध्याकाळी येते तो शेजारची शेळी शेवटचं फूल खाऊन माझ्याकडे आभाराच्या नजरेने बघत होती. धीर कोणाला तरी मिळाला म्हणायचं.

मग राहिली प्रार्थना. तुमचे भाऊ असताना घरात मोठ्याने प्रार्थना व्हायची, म्हणून मीही मोठ्यानेच करते, नाहीतर घर फार गप्प वाटतं. आणि स्वतःपुरता देवाशी अबोला, म्हणून ‘मला’ म्हणवेना, ‘तिला’ म्हणू लागले. ‘प्रभू, त्या बाईला सांभाळ. तोंडाने फटकळ आहे. कोणी मदतीला आलं तर दार अर्धंच उघडते. एकटी आहे आणि तसं कबूल करत नाही. आतून वाईट नाही.’ आता आमच्या चाळीच्या भिंती तुम्ही पाहिल्यात. पलीकडे शिंक आली तर अलीकडे रुमाल काढावा लागतो. आणि पलीकडे राहतात पेटीवाल्या बाई. लग्न केलं नाही, पेटीवरच संसार. पिशवीत त्यांनी केसांचा आकडा टाकला होता. त्यांची खात्री पटली की तो आकडा माझ्याकडे आहे आणि हे सगळं त्यांच्याबद्दल चाललं आहे.

बुधवारी पहाटे त्यांची रोजची पेटी वाजली नाही. मला वाटलं, गेल्या. गुरुवारी, एरवी माझ्यासारखंच फटीएवढं उघडणारं दार पूर्ण उघडून उभ्या राहिल्या आणि मला गरम सूप दिलं. शुक्रवारी त्यांनी मला नळावर गाठलं आणि इकडचं तिकडचं बोलून हळूच म्हणाल्या, “ती जी कोण बाई आहे ना, तिच्याबद्दल देवाला जरा सौम्य सांगत जा.” मी म्हटलं, “आहे तसंच सांगावं लागतं. त्याला काय ठाऊक नसतं?” त्या मान खाली घालून गेल्या. मला काही उमगेना. मी समजले, सगळी चाळ ऐकते आणि मी कोणासाठी रडते ते सगळ्यांना कळलं आहे. लाजेने बादली नळाखालीच विसरले.

शनिवारी संध्याकाळी मी पुन्हा बसले. सांभाळ म्हटलं, शक्ती दे म्हटलं, नळाचा वायसर बदलून दे म्हटलं. नेमकं मागायचं ते जिभेवर येईना. तेवढ्यात पलीकडून भिंतीवर पेटीवाल्या बाईंच्या दणादण थापा. “काय नुसतं सांभाळ, सांभाळ! तिला सोबत हवी आहे. एवढंही कळत नाही तुला?”

वन्सं, त्या स्वतःबद्दल बोलत होत्या, हे मला आज कळलं. लागलं मात्र इकडे. मग मी मागितलं. फार हळू, भिंतीला ऐकू जाणार नाही असं.

आज रविवार, उलगडा. माझी पाळी आली तेव्हा पेटीवाल्या बाई आधीच उठून, नवी साडी सावरत, हात पुढे करून उभ्या होत्या. मी अंगुस्तान वर धरलं आणि म्हटलं, हे माझंच आहे, माझ्या वाट्याला मीच आले. मंडळी अशी हसली की दंतवैद्यांना सगळ्यांचे दात मोजता आले असते. पेटीवाल्या बाईंना उमगायला वेळ लागला.

“म्हणजे ती फटकळ बाई तू?”

“मीच.”

“मग मी आठवडाभर उगाचच सुधारले?”

पाळकसाहेबांनी हसून डोळे पुसले आणि कबूल केलं की आकडा त्यांच्याकडे होता. कोणाचा ते कळलं नाही म्हणून त्यांनी सरसकट केसवाल्या सगळ्यांसाठी प्रार्थना केली. (टकलूंना यंदा वाली नव्हता.) मग म्हणाले, हेतू हेतू म्हणतात तो कधी कधी भिंतीपलीकडे जाऊन पडतो. मला हे आवडलं. मी माझं गाऱ्हाणं गात होते आणि पलीकडे एक माणूस दार उघडायला शिकत होतं. यात माझी अक्कल नव्हती, तेव्हा त्याचीच असणार. पेटीवाल्या बाई येताना वाटभर फुगून होत्या, पण चहाला माझ्याकडेच आल्या.

बाकी ठीक आहे. (बघा, निघालंच तोंडून.) जपून राहा.

तुमची भावजय

ता. क. काय मागितलं ते पाळकसाहेबांनी विचारलं. मी म्हटलं, ज्यांच्याबद्दल आहे त्यांनाच आधी सांगीन. वन्सं, तुम्ही इकडे राहायला या. दोन दिवसांसाठी नाही, कायमच्या. आपलं कधी पटलं नाही हे मी देवाला आठवणीने सांगितलं आहे. फसवून मागितलेलं नाही.

ता. क. पेटीवाल्या बाईंची सुधारणा उद्यापासून रद्द आहे. पहाटे पेटी असेल. कापूस आणा.

ता. क. नाही म्हणायचं असेल तर मला कळवू नका, देवाला कळवा. मागणं त्याच्याकडे केलं आहे, उत्तर त्याने मला कसं द्यायचं ते तो बघेल. हो म्हणायचं असेल तर मात्र मला लगेच कळवा. ह्यांची गादी उन्हात घालावी लागेल.