दोघांच्या मधला चेंडू

अंबत्तूर, चेन्नई
गुरुवार

तीर्थरूप अण्णा,

इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. (समोर असतो तरी कंबरेमुळे जमलं नसतं, तेव्हा पत्रातच उरकून घेतो.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली नुसती देव्हाऱ्याशेजारी उभी आहे? वहिनी गेल्यापासून तुम्ही दोन वेळचं एकदाच शिजवता आणि रात्री तेच गार खाता असं ऐकलं, ते काही बरं नाही. आमच्याकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे. आमची ही, वसंता, क्षेम आहे. लेक कीर्तना पेरुंगुडीच्या ऑफिसात जाते, परत येते आणि उरलेल्या वेळात माझ्या चुका काढते, म्हणजे तीही क्षेम आहे. माझं मात्र काही खरं नाही.

कारण तो ब्लॉग. वहिनींच्या वर्षश्राद्धाला मी एका चिठ्ठीवर त्याचा पत्ता लिहून तुमच्या शर्टाच्या खिशात सरकवला होता, आठवतं? (तोंडाने सांगायचा धीर झाला नाही. पंक्तीत तुम्ही ‘जेवलास का’ विचारलंत, मी ‘जेवलो’ म्हणालो, आणि आपलं नेहमीचं संभाषण संपलं.) ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची वही, ती कोणालाही उघडता येते आणि बहुधा म्हणूनच कोणी उघडत नाही. बत्तीस वर्षं कारखान्यात व्हॉल्व्ह तपासून निवृत्त झालो, हातांना काम नाही, तेव्हा ठरवलं की आपले बाबा, तंजावरचं घर, तळ्यामागचं मैदान हे सगळं लिहून ठेवावं. सुरुवातीला आपण घरी बोलतो तशीच तंजावरी मराठी लिहिली. पुण्याच्या एका सद्गृहस्थाने विचारलं, ही कुठली भाषा? तेव्हापासून पुस्तकी लिहितो. हे पत्रही तसंच झालंय, रागावू नका.

आता मला लिहिण्यातलं काय कळतं? आयुष्यात नीट शिकलो ती एकच गोष्ट, बॉल बॅडमिंटन. (इथल्या नव्या पोरांना सांगावं लागतं की पिवळ्या लोकरीचा चेंडू असतो, पाच जणांचा संघ असतो, मोकळ्यावर खेळतात आणि वारा दोन्ही बाजूंना सारखाच छळतो. ऐकून ती मोबाइलमध्ये तोंड घालतात.) म्हटलं, शेषगिरी मास्तरांनी आपल्याला जे शिकवलं तेच इथे लावू. मास्तरांचा पहिला धडा, रोज पहाटे सराव. म्हणून मी रोज पहाटे कॅनव्हासचे बूट चढवून, मनगटं फिरवून, कॉम्प्युटरसमोर बसायला लागलो. तीन आठवड्यांत मनगट सुजलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खेळता? लिहितो म्हणालो, तर त्यांनी वसंताकडे बघून मान हलवली. दुसरा धडा, काल खेळलेला डाव आज तपासायचा. तोही पाळतो: रोज कॉफीच्या आधी कालचा लेख फोनवर उघडून, चुका शोधत सावकाश वाचतो. त्या सापडतातही.

तिसरा धडा, प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास. प्रतिस्पर्धी शोधायला वेळ लागला, कारण आपल्या तंजावरी मराठी घरांबद्दल लिहिणारं आणखी आहे कोण? शेवटी भव्या म्हणून एक मुलगी सापडली, ती आपल्याकडच्या स्वयंपाकाबद्दल लिहिते. मी तिचे सगळे लेख वाचले, वहीत टिपणं काढली, तिची डावी बाजू कुठे कच्ची आहे (पचडीत ती फार घाई करते) ते हेरलं. महिन्याने तिचंच पत्र आलं: सर, माझा एकही लेख न चुकवणारे तुम्ही एकटेच, आशीर्वाद द्या. दिला. काय करणार? त्या दिवसापासून तिला हरवायची इच्छाच गेली.

चौथा धडा, एकट्याने खेळू नये, संघ असावा. वसंताला म्हटलं, एक लेख तू लिही. तिने भाजी निवडता निवडता फोनवर आठ ओळी लिहिल्या, निवृत्त नवरा ओला पंचा पलंगावर टाकतो याविषयी. अय्यो अण्णा, काय सांगू! एका दिवसात चारशे बारा माणसांनी वाचला. सदतीस जणींनी खाली अभिप्राय लिहिले, सगळ्या तिच्या बाजूने. बाबांवर मी आठ महिने खपून लिहिलेल्या लेखमालेला एकही अभिप्राय नाही, आणि पंच्याला सदतीस. मी तिला राखीव खेळाडूंत बसवलं. ती म्हणाली, बरं झालं, मला कुकर लावायचाय.

राहिला पाचवा धडा, खेळताना गुणफलकाकडे बघू नये. तो मला कधीच पाळता आला नाही, तुम्हाला ठाऊक आहे. ब्लॉगला एक आकडा असतो, आज किती जणांनी वाचलं, कुठून, किती वेळ. दिवसातून चाळीसदा बघतो. पंच्याचा दिवस सोडला तर आकडा नेहमी एकच असतो: एक. वाचक एक, गाव तंजावर, वेळ पहाटेची, वाचायला लागलेली मिनिटं अकरा. गेलं वर्षभर, एक दिवस खंड नाही. एवढा चिवट वाचक तंजावरात दुसरा कोण असणार? ओळीखाली बोट धरून वाचायची तुमची सवय, म्हणून अकरा मिनिटं. मी वसंताला काही बोललो नाही, पण अण्णा, त्या एका आकड्यासाठी मी रोज उठतो.

आणि तरीही ना तुम्ही कधी एक शब्द लिहिलात, ना मी विचारलं. हे बघून मला सारखं कुंभकोणम आठवतं. फायनल, तिसरा गेम, शेवटचा गुण. चेंडू उंच उडून वाऱ्यावर डुलत तुमच्या-माझ्या बरोब्बर मधे उतरायला लागला. मास्तर घसा फोडून सांगायचे की जो घेणार त्याने ‘नान्!’ म्हणून ओरडायचं, मी घेतो असं. पण थोरल्या भावाच्या तोंडावर ‘मी, मी’ करून कसं ओरडावं? तुम्ही पानावर बसल्याशिवाय मी कधी बसलो नाही. मी बॅट खाली घेतली. तुम्हाला वाटलं, धाकट्याला हौस आहे, घेऊ दे. तुम्हीही खाली घेतलीत. चेंडू दोघांच्या पायांपाशी पडला, आवाजसुद्धा झाला नाही. परतीच्या बसमध्ये तुम्ही पुढे, मी मागे. अडतीस वर्षं झाली. वहिनींच्या तेराव्यालाही मी तुमच्या शेजारी बसून होतो आणि ‘जेवलात का’च्या पुढे जीभ वळली नाही. फार वाईट वाटतं हो.

असो. ब्लॉग चालू ठेवावा की बंद करावा, याबद्दल वडीलकीच्या नात्याने सल्ला द्यावा, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच. लहानांना आशीर्वाद कळवायला तुमच्याजवळ आता कोणी नाही, तेव्हा ते वाक्य गाळतो.

तुमचा धाकटा,
वेंकट

ता. क. सल्ला नको. खाली अभिप्रायाची चौकट असते, तिच्यात एकदा काहीतरी लिहा. शुद्धलेखनाची चूक काढलीत तरी चालेल. पंच्याची बाजू घेतलीत तरी चालेल.

ता. क. २ (शुक्रवार) कीर्तनाने पाकिटावरचा पत्ता बघून काय ते विचारलं, मी सांगितलं. तिने पाकीट खाली ठेवलं. मग म्हणाली, अप्पा, तिथे गाव दाखवतात ते काही खरं नसतं, मोबाइल कंपनी कुठलंही दाखवते. आणि रोज पहाटे फोनवर सावकाश कोण वाचतं? मी तिच्यावर ओरडलो. नंतर विचार केला, मी तपासनीस माणूस, तपासून बघू. उद्या दिवसभर माझा लेख मी उघडणार नाही. आकडा एक आला, तर तुम्हीच.

ता. क. ३ (रविवार) काल फोनला हात लावला नाही. आत्ता कालचा आकडा बघितला. शून्य.

ती चिठ्ठी शर्टाबरोबर धुतली गेली असणार. तुमचा दोष नाही अण्णा, धुण्याआधी खिसे बघायचं काम वहिनींचं होतं.

तर आता मी ओरडतो, उद्धटपणा पोटात घाला: नान्! येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. आल्यावर ‘जेवलास का’ विचारू नका, जेवलेला नसेन. दोघांपुरतं शिजवा.