भगवानरावांचं भाषण

ओवे, पनवेल
११ जून २०११

प्रिय दिनानाथ,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय. पत्र कोमलच्या हाती पाठवतोय; माझ्यावरचा राग माझ्या पोरीवर काढू नकोस, तिला निदान चहा तरी पाज. अकरा दिवस झाले. अठ्ठावीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसून माझं डोकं खाल्लंस, आणि आता एकदम गप्प! मला नाही रे सोसत हे.

चूक माझीच आहे. ऑफिसात कुणी रिटायर झालं की भाषण मी लिहायचं आणि मीच वाचायचं, हे ठरलेलं. खरं तर भाषण एकच, कधीकाळी भगवानराव रिटायर झाले तेव्हा लिहिलेलं, नाव तेवढं बदलायचं. वक्तशीर, मितभाषी, आपल्या परिवाराचा आधारवड. हे गुपित फक्त तुला ठाऊक. मागे बसून तू माझ्याआधी पुढचं वाक्य पुटपुटायचास आणि इकडे मला हसू आवरायचं नाही. टपरीवर दहादा बजावलं होतंस, काळ्या, माझ्या टायमाला तरी नवीन लिव, त्यो आधारवड मला नको. मी शब्द दिला होता.

आणि एकतीस मेला वाचलं काय? तर भगवानरावांचं भाषण! अरे, तू आणि वक्तशीर? तू आणि मितभाषी? अख्खा हॉल हसला. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, त्या तेवढ्या हसल्या नाहीत. तू शाल काखोटीला मारलीस आणि माझ्याकडे न बघता निघून गेलास. तुला वाटलं असणार, काळूरामला माझ्यासाठी दोन ओळीही सुचल्या नाहीत.

लिहिलं होतं रे. चांगली चार पानं. हिच्या ऑपरेशनला तू आठ दिवस रजा टाकून हॉस्पिटलच्या बाकावर बसलास, ते लिहिलं. साहेबांसमोर माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतलीस, तेही लिहिलं. घरी हिला वाचून दाखवायला बसलो आणि दुसऱ्याच पानावर लहान पोरासारखा रडलो. माइकसमोर तसं झालं असतं तर? भीती वाटली, आणि हात जुन्या भाषणाकडे गेला. ते पाठ होतं, त्यात रडण्यासारखं काही नव्हतं.

आता मुद्द्याचं सांगतो. रिटायर झालेल्याला घरापर्यंत सोडून यायची आपल्या ऑफिसची रीत. तुला सोडायला सगळे गेले, मी मात्र रेकॉर्डरूममध्ये तोंड लपवून बसलो. काल कळलं, उद्या सकाळी तुझ्या सामानाचा ट्रक निघतोय, तू कायमचा लेकाकडे, शैलेशकडे नाशिकला चाललास. म्हणजे तुझं घर आता नाशिकला. तर ड्रायव्हरला सांगून ठेव, पुढे एक जागा माझी. भाषण वाटेत ऐकवीन, रडलो तर चिडवू नकोस. आणि नाय म्हणालास, तर मागे तुमच्या कपाटाला धरून बसेन, पण तुला घरापर्यंत सोडायला मी येणार.

तुझाच,
काळ्या