तिसऱ्या प्रश्नाला शून्य

अंजूर
९ एप्रिल २०२५

चि. करिष्मा हिस सावळाराम काकाचे अ. उ. आ. हे आशीर्वाद रिवाज म्हणून लिहिले हायेत. मनातून आलेत असं समजू नकोस.

काल शाळेच्या ओट्यावर आपली जी बोलाचाली झाली ती सगळ्या पोरांनी ऐकली. शेवटी हेडसर हात जोडून म्हणाले की काका-पुतणीने काय भांडायचं ते कागदावर भांडा. म्हणून लिहितो.

माझी नात रुचिरा पहिलीपासून पहिला नंबर सोडत न्हाय. आठवीत तू तिची बाई झालीस आणि तुझ्या त्या आलेखाच्या चाचणीत पोर नापास. तिसऱ्या प्रश्नाला दहापैकी शून्य. आता म्हणे सुट्टीत तिने ढ पोरांबरोबर मदत वर्गाला बसायचं. तिचा बाप प्रितेश तुझा चुलतभाऊ पडला, तो गप्प बसेल. मी बसणार न्हाय.

हे कशाचं उट्टं हाय ते मला कळतं. मी खाडीकाठच्या खाजणात मातीची भरणी करून गोदामं उभी केली, आणि तुझ्या बापाने, हरीने, आपला वाटा विकून नारपोलीत कापडाच्या लूमची ड्युटी धरली. त्यात माझा गुन्हा काय? आपल्या घरात पंधरावी झालेली पहिली पोर तू, तेव्हा गावभर पेढे मी वाटले. शाळेत मीच लावली तुला. शाळा समितीचा अध्यक्ष अजून मीच हाय, आणि तुझ्या जूनच्या नेमणुकीवर माझी सही व्हायची हाय.

शून्य पुसलंस की कळव. लोभाचं त्यानंतर बघू.

सावळाराम


नारपोली
१२ एप्रिल

ती. काकांस करिष्माचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. नोकरी तुम्ही लावलीत हे मी कधी नाकारलं नाही. पण गुण देण्याचं काम त्या नोकरीतच येतं.

रागावण्याआधी चाचणी काय होती ते तरी ऐका. उधाणाचं पाणी दर पावसाळ्यात जिथवर चढतं, तिथे शाळेच्या भिंतीवर रंगाची रेघ मारतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलांनी त्या रेघांची उंची मोजून स्तंभालेख काढला, एका सालाला एक स्तंभ. पहिला स्तंभ घोट्याएवढा, शेवटचा गुडघ्याच्या वर. त्यावर मी तीन प्रश्न विचारले. अमुक साली पाणी किती, हे जवळजवळ सर्वांना आलं. सर्वांत मोठी वाढ कुठल्या साली झाली, इथे निम्मा वर्ग घसरला. मुलांनी सर्वांत उंच स्तंभाकडे बोट दाखवलं, आधीच्या स्तंभाशी ताडून पाहिलं नाही.

तिसरा प्रश्न असा होता की पाणी का वाढलं, हे या आलेखावरून सांगता येतं का? येत नाही. आलेख पाणी वाढलं एवढंच सांगतो. समोरचा कागद काय सांगतो आणि आपण त्यात मनचं काय घालतो, हे मुलांना वेगळं करता येतं का, तेच मला तपासायचं होतं. बरीच मुलं तिथे चुकली, त्यात रुचिरा सर्वांत ठामपणे चुकली. म्हणून मदत वर्ग. तिथे ढ कोणी नाही, अर्धी आठवी आहे.

तिचं उत्तर मी पत्रात लिहीत नाही. उत्तरपत्रिका तिची आहे. शाळेत या, तिच्यासमोर उघडू.

काकूंना नमस्कार. तुमचा राग उतरेपर्यंतही मी पुतणीच आहे, हे असू द्यावं.

करिष्मा


अंजूर
१७ एप्रिल

चि. करिष्मा हिस आ.

मी समितीचा अध्यक्ष, पोरांच्या बाकावर बसून नातीचा पेपर बघायला येऊ? तू भिवंडीच्या कॉलेजात जाऊन भिंतीवरच्या रेघा मोजायला शिकलीस, हे आधी कळलं असतं तर पेढ्यांऐवजी चुरमुरे वाटले असते.

आणि मला वेडा समजू नकोस. आलेख काढायला तुला दुसरं काय मिळालं न्हाय? पोरांची उंची काढायची, पिकाचं काढायचं. उधाणाचं पाणीच कसं सुचलं? खालच्या आळीत पाणी शिरतं म्हणून तिथली माणसं दोन वर्षं माझ्या नावाने बोंबलतायत. तू त्यांच्याकडे चहा पिऊन आलीस, रिक्षावाल्यांनी बघितलं. पोरांच्या हातात पट्टी देऊन माझ्यावर बोट दाखवतेस.

माझी नात हुशार हाय. तिने लिवलंय ते बरोबरच असणार. सोमवारपर्यंत तिसऱ्या प्रश्नाचे दहाच्या दहा दे, आणि तिचं उत्तर बरोबर हाय असं तुझ्या सहीने लिहून पाठव. मग मी नेमणुकीवर सही करतो. न्हायतर जूनपासून दुसरी बाई येईल, तिला आलेखबिलेख येत नसला तरी चालेल.

तुझ्या आईने, कमळेने, धाडलेलं कैरीचं लोणचं परत पाठवतोय.

सावळाराम


नारपोली
१९ एप्रिल

ती. काकांस शि. सा. न.

लोणचं मिळालं. राग भरून आला, बरणी मात्र अर्धी आली. आई म्हणाली, नको असलेलं लोणचं तुमच्या घरात बरंच खपतं.

चहाचं खरं आहे. जिथे पाणी शिरतं ती घरं बघून आले. आलेख पाण्याचा घेतला, कारण आमच्या मुलांना तेच पाणी तुडवत शाळेत यावं लागतं.

काल मी रुचिराला विचारलं की तुझं उत्तर आजोबांना कळवू का. तिने खांदे उडवले. म्हणाली, आत्या, लिही, आजोबा माझं ऐकत नाहीत, तुझं निदान वाचतील. म्हणून तिच्याच शब्दांत लिहिते:

“हो, सांगता येतं. माझ्या आजोबांनी खाजणात भरणी केली म्हणून पाणी वाढलं.”

हे बरोबर आहे असं मी सहीने लिहून द्यावं, अशी तुमची आज्ञा होती. आता काय आज्ञा आहे ते कळवा.

पण तुम्ही काहीही कळवलंत तरी शून्य बदलणार नाही. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, ती म्हणते तेच मला वाटतं. रिक्षा तुमच्या गोदामांच्या भिंतीकडेने जाते तेव्हा रोज वाटतं. पण मला वाटतं ते आलेखात नाही. स्वतःला आवडलेल्या उत्तराला गुण द्यायला लागले तर उद्या मुलांना कुठल्या तोंडाने तपासू? नेमणूक तुमच्या हातात आहे. आईबाबांना घरात माझाच पगार नियमित दिसतो, हेही तुम्ही जाणता. तरीसुद्धा नाही.

राग धरावा, पण माणूस म्हणून ओळख ठेवावी.

करिष्मा


अंजूर
२५ एप्रिल

चि. करिष्मा हिस अ. उ. आ., या वेळी मनातून.

पोरी, तू आपल्या घरची ती घरचीच. मी उगाच तापलो. शून्य अजिबात पुसू नकोस. मोठं काढ, लाल शाईने. रुचिराशी मी चार दिवस बोललो न्हाय. ज्या घरचं खायचं त्या घराला असं लिहायचं, हे तिला कोणी शिकवलं देव जाणे.

नेमणुकीवर सही केली, कागद सोबत हाय. हरीला दाखव.

आता पुढचं ऐक. १ मेला ग्रामसभा हाय. खालच्या आळीवाले भरणीचा विषय आणणार. मी तुझं १२ तारखेचं पत्र वाचून दाखवणार हाय. आमच्या पंधरावी झालेल्या बाईंनी पाण्याचा आलेख काढला, भिंतीवरच्या रेघा मोजल्या, आणि भरणीमुळे पाणी वाढलं म्हणणाऱ्या घरच्याच भाचीला शून्य दिलं. म्हणजे भरणीचा काही संबंध न्हाय, हे शिकलेल्या माणसानेच ठरवलं. बघू मग कोण बोलतो. तू पुढच्या खुर्चीवर बस, साडी नेसून ये.

कमळेला म्हणावं, बरणी परत धाड. सलोखा वाढत जावा.

तुझा काका सावळाराम


नारपोली
२८ एप्रिल

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

कागद आला तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. सोबतचं पत्र मी तिला वाचून दाखवलेलं नाही.

ते पत्र मी उत्तरपत्रिका समजून तपासलं. रुचिरा म्हणते की आलेखावरून भरणीचा दोष ठरतो. तुम्ही म्हणता की भरणी निर्दोष ठरते. कारण सांगता येत नाही, याचा अर्थ भरणी हे कारण नाहीच असा होत नाही. तिच्या आणि तुमच्या उत्तरात चूक एकच आहे, त्यामुळे गुणही तेच. तुम्हालाही शून्य.

१ मेला मी येईन. पुढच्या खुर्चीवर बसणार नाही. तुम्ही माझं पत्र वाचलंत की उभी राहीन आणि हेच सगळ्यांसमोर सांगेन. म्हणून सही केलेला कागद परत पाठवते आहे. माझं ऐकून झाल्यावरही सही ठेवावीशी वाटली तर ठेवा, फाडावीशी वाटली तर फाडा. चुकीच्या वाचनावर मिळालेली नोकरी घेऊन मला आठवीच्या वर्गात उभं राहता येणार नाही.

रुचिराची शनिवारी मी पुन्हा चाचणी घेतली. तोच आलेख, तोच प्रश्न. या वेळी तिने लिहिलं: “एवढ्यावरून सांगता येत नाही. कुठल्या साली किती भरणी झाली ते कळलं, तर त्याचा आलेख काढून पाण्याच्या आलेखाशेजारी ठेवता येईल. ती माहिती माझ्या आजोबांकडे आहे. त्यांना विचारावं लागेल.”

दहापैकी दहा दिले. सही माझी आहे.

ती आज जेवताना तुम्हाला विचारणार आहे. माझ्यावर लोभ ठेवा न ठेवा, तिला सालं नीट सांगा.

करिष्मा