पाऊल हलवायचं नसतं

ताई,

शिडीवरून उडी मारली, दोन्ही पाय जुळवून टेकले आणि हात आपोआप वर गेले. गुडघ्यात कळ आली, तरी मी पाऊल हलवलं नाही. पाऊल हललं की गुण जातात, हे इतक्या वर्षांनीही अंगातून जात नाही. एका गिऱ्हाइकाच्या घरी पडदे लावत होते. खाली दुकानाचे मालक उभे होते.

“अहो चॅम्पियन, इथे कोण गुण देणार आहे? तंगडी मोडून घ्याल!” मग हळूच म्हणाले, “उद्यापासून शिडी बंद. दुकानात बसून कापड दाखवा.”

त्यांचं चुकलं नाही. पण शिडीच्या टोकावर मला अजून जिम्नॅस्टिक्सचा तो हॉल दिसतो, अजिंक्यपदाच्या दिवशीचा. मॅटच्या कडेला माझा स्वेटर घेऊन उभी असलेली तू, आणि तुझं ओरडणं, “पाय जुळव गं, माकडे!” खुर्चीत बसून ते कुठून दिसणार?

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस तर लगेच फोन करशील आणि मालकांचीच बाजू घेशील.

तुझी धाकटी

ता. क. सकाळी गुडघा सुजला होता. दुकानात गेले आणि पहिल्या गिऱ्हाइकाला बसूनच निळं कापड दाखवलं.