आंघोळीचं निमित्त

प्रिय विसरभोळे,

चष्मा इथेच राहिलाय तुझा. माझ्या उशीखाली होता. मला वाटलं, मानेचंच एखादं हाड वर आलंय. जिला स्वतःचे डोळे कुठे ठेवले ते आठवत नाही ती उद्या वॉर्डात कुणाला कुठली गोळी देईल, या विचाराने मी आत्तापासूनच आजारी पडायचं नाही असं ठरवलंय.

पत्र तुझी आत्या लिहून घेते आहे. बोलते तसंच उतरव, असं बजावलंय, तरी ती सुधारणारच. शाळेत वह्या तपासून तपासून तिला खोडच लागलीय. सकाळपासून आम्ही हे पत्र सुरू करतोय आणि टाकून देतोय, कारण मला एका जागी बसवत नाही. पलंगावर पडलं की खुर्ची आठवते, खुर्चीत बसलं की खिडकी उघडावीशी वाटते, ती उघडली की गाड्यांच्या आवाजाने डोकं उठतं. खुब्याचं हाड जुळलं म्हणतात डॉक्टर. जुळलं असेल, पण मला विचारून जुळलेलं नाही.

खरं कारण हाड नाही, तुझा तो फोन आहे. नर्सिंगला मिळालेली जागा यंदा सोडते म्हणालीस, आधी एक वर्ष आपल्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात रुग्णसेवेचा कोर्स करते, म्हणजे पाया पक्का होईल. तुझा बाप लगेच मान डोलवायला लागला. फोनवर मान दिसत नाही हे त्याला कोण सांगणार. आईने तर तुझी खोली झाडायला काढली. वसतिगृहातली पोरगी घरी येणार म्हटल्यावर कुणाला नको असतं? मी मात्र काही बोलले नाही, तिथेच तुला कळायला हवं होतं. मी गप्प बसते ती जेवताना, नाहीतर खोटं ऐकताना.

मला अक्षरओळख नाही, म्हणून मी फसवायला सोपी असं समजू नकोस. गेल्या खेपेला, आजी, नाडी बघू दे म्हणालीस आणि मी घाबरून परकराची नाडी दोन्ही हातांनी गच्च धरली. आत्या हसता हसता भुईवर बसली. मग तू मनगट धरलंस. घड्याळाकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडेच बघत राहिलीस, आणि तुझं बोट असं थडथडत होतं की कुणाची नाडी कोण बघतंय तेच मला कळेना. तेव्हाच मनात पाल चुकचुकली. पुढे तू आत्याला त्या दवाखान्यात चौकशीला पाठवलंस. तिथे काय शिकवतात ते विचार म्हणाली नाहीस, परीक्षा केव्हा तेही नाही. विचारायला सांगितलंस एवढंच, की सकाळी जरा उशिरा आलं तर चालेल का. सकाळी म्हणजे माझी आंघोळ. आत्याने भोळेपणाने मला सगळं सांगितलं, आणि आता हे लिहिताना तोंड पाडून बसलीय.

पडल्यापासून मी हट्ट धरला होता खरा, परक्या बाईचा हात अंगाला लावून घेणार नाही म्हणून. आंघोळ घालायला ठेवलेल्या बाईला दारातूनच परत पाठवलं. तू सुट्टीत होतीस तोवर तू घातलीस, तू गेल्यावर तुझ्या आईने घातली आणि तिची कंबर गेली. माझा हट्ट, त्यात तुझं वर्ष जायला निघालं, आणि जागा तर पुढच्या वर्षासाठी राखून ठेवत नाहीत, हे तूच सांगितलेलं.

म्हणून हे पत्र. परवा मी त्याच बाईला बोलावून घेतलं आणि आंघोळ घालून घेतली. पाणी जरा जास्तच कढत घेते. पण हात लावायच्या आधी सांगते, आता पाठ, आता पाय, जसा कंडक्टर पुढचा थांबा सांगतो. तिने तोच कोर्स केलाय, तेव्हा कोर्सला नावं ठेवायला मला तोंड नाही. मी डोळे मिटून बसले होते. लाज वाटली, आज सकाळीही वाटली, उद्याही वाटेल. लाजेने कुणी मेलेलं मी पाहिलेलं नाही. तर तू असं कर. त्या कोर्समधून माझी आंघोळ वजा कर. तरीही शिकावासा वाटला तर खुशाल कर, मी चकार शब्द काढणार नाही. वजा केल्यावर काहीच उरलं नाही, तर महिनाअखेरच्या आत नर्सिंगच्या कॉलेजला होकार कळव आणि बॅग भर. आणि तिकडे गेल्यावर बिस्किटं पाठवू नकोस, ती आजाऱ्याला देतात. खारे शेंगदाणे पाठव. दातांची काळजी नको, ती बाई कुटून देईल.

तुझीच,
घासूनपुसून लख्ख केलेली आजी