खिळ्यावरची यादी

स्प्रूस तळे, अलास्का
२८ मे १९८३

ती. सिग्नेताईस,
हॅरल्डचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लेफ्सेच्या बटाटा-पोळ्या शुक्रवारच्या टपाल-विमानाने पोचल्या. लेफ्सेचे तुकडे झाले होते, पण पोटात गेल्यावर तुकडेच व्हायचे असतात, म्हणून मी तक्रार केली नाही.

तळ्यावरचा बर्फ गेला आणि माझं पाण्यावर उतरणारं विमान वार्षिक तपासणीत नापास झालं. मेकॅनिक वॉल्ट डेम्कोने ते तीन दिवस उघडून ठेवलं, आरसा घालून घालून पाहिलं आणि शेवटी दोषांची यादी हातात दिली, तारीख घालून, सही करून. विमानाच्या वहीत त्याने एवढंच लिहिलं, की यादी मालकाला दिली. दोष कुठले, हे त्या यादीतच. वर मला सुनावलं, की माझं काम तपासायचं, ते झालं. विमान तुझं, यादी तुझी, आणि सगळं दुरुस्त होईपर्यंत ते उडू न देणंही तुझंच. तीस वर्षांची दोस्ती, पण बोलला असा, जणू मी त्याच्या कोंबड्या पळवल्यात! स्वतः गुडघ्याच्या ऑपरेशनला अँकरेजला निघालाय, म्हणून दुरुस्तीला पलीकडच्या गावचा ऑस्गुड येईल.

माझी राग्ना होती तेव्हा यादी आली रे आली, की ती कॅलेंडरच्या जुन्या पानामागे आपल्या ठसठशीत अक्षरात उतरवून घ्यायची आणि चुलीजवळच्या खिळ्याला लावायची. एकेक काम झालं की पेन्सिलीने आडवी रेघ. मी विचारायचो, की बाई, विमान माझं की तुझं? ती गेल्यानंतरची ही पहिलीच यादी. मीही उतरवायला बसलो होतो, पण हात चालेना. शेवटी वॉल्टचाच कागद खिळ्याला अडकवला. सहा कामं आहेत. स्वयंपाकघर पुन्हा जरा तिचं वाटतंय.

तुझ्या आयविंदला खुशाल पाठव. मासेमारीच्या हंगामात इथे जितके हात असतील तितके कमीच.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा,
हॅरल्ड

—

नॉर्डाल, मिनेसोटा
११ जून १९८३

चि. हॅरल्ड यास,
सिग्नेताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आयविंद काल निघाला. चोवीस वर्षांचा घोडा, पण मोजे एकाही जोडीचे नाहीत. विमान चालवायचा परवाना मिळाल्यापासून साहेबांचे पाय जमिनीला लागत नाहीत. त्याचे वडील गेल्यापासून मला तो एकटाच आहे, हे तुला नव्याने सांगायला नको.

तू लहानपणी सहापैकी पाच गाई दोहून ताटावर येऊन बसायचास आणि सहावी आटली म्हणून सांगायचास, हे मी विसरलेले नाही. तेव्हा नीट ऐक. यादीतल्या सगळ्या कामांवर रेघ पडेपर्यंत माझं पोर त्या विमानात बसणार नाही. वॉल्ट म्हणाला ते खरं आहे. मालक तू आहेस.

राग्नाच्या कबरीवर माझ्या नावाने फुलं ठेव. रोज गरम जेव. शिळ्या कॉफीवर दिवस काढू नकोस.

लोभ आटायला मी काय तुझी सहावी गाय आहे?
तुझी ताई,
सिग्ने

—

स्प्रूस तळे
१४ जुलै १९८३

ती. आईस,
आयविंदचा सा. न. वि. वि.

काल शेवटची रेघ ओढली! मामाने पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाला की साक्षीदार तू, नाहीतर तुझी आई मला पाचच गाईंचा हिशोब विचारील. मी पोटभर हसलो.

मामाची दुरुस्ती म्हणजे सोहळाच असतो. यादी खिळ्यावरून काढायची नाही, ही मामीची रीत. म्हणून मामा आत उभा राहून एकेक काम मोठ्याने वाचतो आणि ऑस्गुड बाहेर धक्क्यावरून ओरडून विचारतो, की काय म्हणालास? तळ्यापलीकडच्या लोकांनाही आमच्या विमानाचे दोष पाठ झालेत. सहाही कामं झाली, ऑस्गुडने वहीत सही केली आणि आजपासून आम्ही उडतो आहोत. सकाळी दोन फेऱ्या झाल्या. वरून हे तळं इतकं सुंदर दिसतं की तू असायला हवी होतीस.

उतरल्यावर डोकं मात्र ठणकतं. वर गार वाजतं म्हणून हीटर लावतो, मग माशांचा वास आणखी घुमतो. मामाचंही डोकं दुखलं. तो म्हणतो, त्याचं म्हातारपण आणि माझा नवखेपणा. सवय होईल.

तुझी आठवण येते, आणि ती फक्त मोजे सापडत नाहीत म्हणून नव्हे.
तुझा,
आयविंद

—

नॉर्डाल
१२ सप्टेंबर १९८३

चि. हॅरल्ड यास,
आशीर्वाद.

तू आयविंदची शवपेटी घेऊन आलास, चार दिवस राहिलास, गेलास.

तपास अधिकाऱ्याचा फोन आला होता. त्याने तुलाही कळवलं म्हणाला. सायलेन्सरला चीर होती, इंजिनाचा धूर हीटरवाटे आत येत होता. डॉक्टरांना आयविंदच्या रक्तात त्या धुरातला विषारी वायू सापडला. त्या दिवशी तो एकटाच उडत होता, पाऊस होता, गारठा होता. पोराने हीटर पूर्ण उघडला असणार. त्याला कळलंही नसेल, असं अधिकारी म्हणाला. झोप लागली असेल आणि विमान सरळ डोंगराकडे गेलं असेल. हे सांगून त्याला मला धीर द्यायचा होता.

मग वॉल्ट डेम्कोने तीन दिवस काय पाहिलं? मी त्याला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. खुनी म्हणाले. त्याने सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला नाही. त्याचा परवाना काढून घ्या असा अर्ज मी लिहिला आहे. तू ती यादी पाठव. तिच्यात सायलेन्सरचं नाव नाही, हाच पुरावा. तू सहाही कामं केलीस, आयविंदने स्वतः लिहिलंय. तुझ्याकडे बोट दाखवायची कोणाची छाती नाही.

आता तूच एक उरलास. जपून राहा.
ताई

—

स्प्रूस तळे
२५ सप्टेंबर १९८३

ती. सिग्नेताईस,

तो अर्ज पाठवू नकोस. पाठवला असशील तर मागे घे.

मंगळवारी तपास अधिकारी घरी आला. त्याने यादी मागितली. त्याला कॉफी दिली आणि मे महिन्यापासून पहिल्यांदा तो कागद खिळ्यावरून काढला. मागच्या बाजूला लिहिलेलं होतं. सातवं काम. सायलेन्सरला चीर, बदलेपर्यंत उड्डाण नको. खाली वॉल्टने दोन रेघा मारल्या होत्या.

पुढच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, बारीक बाण होता. तो मी रोज पाहत होतो. मला वाटलं, वॉल्टने पेन चालतंय का ते पाहिलं असेल. राग्ना यादी उतरवून घ्यायची, म्हणजे कागद उलटायचीच. मी तिचा खिळा ठेवला, पेन्सिल ठेवली, रेघा ठेवल्या. तेवढं ठेवलं नाही.

अधिकाऱ्याची पाठ माझ्याकडे होती आणि चूल पेटलेली होती. ते मनात आलं, ताई. तुझ्यापासून लपवत नाही. मग मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने शांतपणे आधी मागची बाजू पाहिली. वॉल्टने त्याला आधीच सांगितलं होतं.

मी वॉल्टकडे गेलो. कुबड्या घेऊन दारात आला. मला का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणाला, की रोज सकाळी तुझ्याकडे यायला निघतो आणि धक्क्यापर्यंत येऊन परत फिरतो. ऑपरेशनला जायच्या घाईत यादी वाचून दाखवली नाही म्हणून स्वतःलाच दोष देत होता. पण यादी माझ्या हातात होती. पोराला उडायला मी सांगितलं. त्याचं डोकं दुखतंय हे मला ठाऊक होतं.

तू म्हणालीस, मालक मी आहे. मीच आहे.

दरवेळी पत्राच्या शेवटी जे मागतो, ते मागायचं तोंड आता नाही.
हॅरल्ड

—

नॉर्डाल
४ डिसेंबर १९८३

चि. हॅरल्ड यास,
सिग्नेताईचे आशीर्वाद.

नऊ आठवडे तुझं पत्र टेबलावर आहे. पहिला महिना मी त्या टेबलावर जेवले नाही. तुझा राग आला. इतका, की चर्चमध्येही तुझं नाव प्रार्थनेत घेतलं नाही.

मग तू पाठवलेली आयविंदची पेटी उघडली. कपड्यांच्या तळाशी माझं जुलैचं पत्र होतं, त्याच्या पत्राला दिलेलं उत्तर. डोकं ठणकतं, असं त्याने लिहिलं होतं. हीटर लावतो म्हणून लिहिलं होतं, मामाचंही दुखतं म्हणून लिहिलं होतं. आणि मी काय उत्तर दिलं, माहीत आहे? उन्हात टोपी घाल, भरपूर पाणी पी आणि मामासारखी आंघोळीची टाळाटाळ करू नकोस. लिहिताना मी हसत होते, मला आठवतंय. हॅरल्ड, तुझा कागद उलटायचा राहिला. माझ्या कागदावर तर सगळं समोरच लिहिलेलं होतं.

अर्ज पाठवला नव्हता, फाडला. वॉल्टला पत्र लिहिलं. माफी मागायला चार ओळी पुरल्या, पण चार दिवस लागले. त्याला घरी बोलाव. दोघांनी एकेकट्याने कॉफी पिऊ नका.

तुला माफ केलं, असं लिहायला घेते आणि पेन थांबतं. खोटं लिहिणार नाही. स्वतःलाही अजून तसं लिहिता आलेलं नाही. लिहीन तेव्हा दोघांना एकाच दिवशी लिहीन.

पण तू लोभाचं वाक्य लिहिलं नाहीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तुझ्या त्या पत्रात मी सगळं वाचू शकले, तेवढी एक मोकळी जागा वाचवेना. ते पुन्हा लिहीत जा. न मागता मिळतं म्हणून मागायचं सोडायचं नसतं.

लेफ्से पाठवते आहे. आयविंदसाठी करायचे तेवढ्याच केल्या, हात कमी करायला तयार नाही. वाटेत तुकडे होतील. तसेच खा.

तुझी ताई,
सिग्ने