धाकटीचा उजवा कान

४ मार्च
आज धाकटीचं गाणं होतं. झालंच नाही! सकाळी उठली ती भिंत धरूनच. "ताई, घर फिरतंय." मग उलट्या. फोन उजव्या कानाला लावला तर काहीच ऐकू येईना — ठार बहिरा! बाबा अनवाणी धावले डॉक्टर बोलवायला. मला टायफॉइड झाला तेव्हा म्हणाले होते, "पेपर वाचून झाला की जाऊ."

५ मार्च
कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मळ नाही, पडदा शाबूत. स्टिरॉइडच्या गोळ्या लगेच सुरू. "ऐकू येणं अचानक गेलं, वर चक्कर — एमआरआय हवाच. कानातून मेंदूकडे जाणारी नस बघायची. बहुतेकदा काही निघत नाही."
गोळ्या माझ्याच दुकानातून आणल्या. तरी बाबा विचारतात, "नीट बघून आणल्यास ना?" जन्म गेला माझा औषधं विकण्यात!

६ मार्च
बघायला येणाऱ्यांची रीघ. सगळ्यांना तिच्या गाण्याची काळजी. मीही गात होते एके काळी — कुणाच्या गावीही नाही. चहा करून करून जीव गेला. आजारी पडावं तर तेसुद्धा हिनेच! जळतेय मी. इथे कोण बघतंय!

९ मार्च
एमआरआय झाला. धाकटीने कानातले माझ्या हातावर ठेवले आणि आत गेली. दाराबाहेरही मशीनची ठोकाठोक ऐकू येत होती. बाबांच्या नुसत्या येरझाऱ्या. "गाता येईल ना गं तिला?"
मी बाथरूमच्या आरशासमोर तिचे कानातले घालून पाहिले. मलाच जास्त शोभतात.

११ मार्च
डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. उजव्या नसेवर पांढरी गाठ. डावीकडेही एक, लहानशी. कॅन्सर नव्हे. पण दोन्हीकडे गाठी म्हणजे आजार आनुवंशिक असू शकतो. "डावा कानही जाऊ शकतो. कधी, ते नाही सांगता येत."
मग माझ्याकडे वळल्या. "तुमचा आणि वडिलांचाही एमआरआय करून घेऊ."
बाबांनी हात घट्ट धरला — माझा.

१५ मार्च
माझा रिपोर्ट स्वच्छ. बाबांचाही. घरी येऊन सांगितलं तर धाकटी आनंदाने रडली! माझ्यासाठी! इतका राग आला मला. एवढी चांगली कशाला वागते ही? एकदा तरी मला तिच्या पुढे जाऊ द्यावं!

१६ मार्च
बाबांनी धाकटीला तिचीच जुनी गाणी लावून दिली. तिने बंद करायला लावली. मला डाव्या बाजूला बसवून घेतलं.
"ताई, बोल ना काहीतरी. काहीही बोल. तुझा आवाज पाठ करून ठेवायचाय मला."